ग्राफच्या कागदावरचा मारिओ

व्हिडिओ गेममधल्या मारिओला मिशा का आहेत, हे त्याला घडवणाऱ्या शिगेरू मियामोतो यांनी स्वतःच सांगून ठेवलंय. १९८१च्या ‘डाँकी काँग’मध्ये हा गडी पहिल्यांदा पडद्यावर आला, तेव्हा त्याला उभं राहायला जेमतेम सोळा बाय सोळा चौकटींची, म्हणजे पिक्सेलची, जागा होती. तेवढ्यात ओठ काढणं जमेना, म्हणून नाकाखाली मिशीचा पट्टा आला. उडी मारताना केस कसे उडतील हे दाखवता येईना, म्हणून डोक्यावर टोपी आली. हात हलतोय हे धडापासून वेगळं कळावं, म्हणून अंगात डांगरी आली. जगभरच्या पोरांच्या ओळखीचा झालेला हा चेहरा असा अडचणीतून निघालाय.

सोलापुरात चादरीचं डिझाइन काढणाऱ्याला ही गोष्ट फोड करून सांगावी लागत नाही. त्याचा सगळा जन्म चौकटी भरण्यात जातो. माझ्या पिढीतल्या बऱ्याच जणांना कॉम्प्युटर आणि व्हिडिओ गेम म्हणजे परदेशातून एक दिवस अचानक घरात येऊन पडलेली वस्तू वाटते. मला तसं कधी वाटलं नाही. पडद्यावरची चौकट बघायच्या आधी मी कागदावरची चौकट बघितली होती, आणि ती भरणारा माणूस आमच्या भिंतीला भिंत लागून राहत होता.

साखर पेठेच्या अंगाला आमचं घर. सोलापूरच्या पूर्व भागात जो वाढला त्याला मागाचा आवाज ऐकू येत नाही. माग बंद पडले की मात्र झोपेतूनही जाग येते. शेजारी तेलुगू बोलणारं पद्मशाली कुटुंब. त्या घरच्या कर्त्या माणसाला सगळी गल्ली अण्णा म्हणायची, म्हणून आम्हीही अण्णाच म्हणायचो. ते कारखान्यात माग चालवत नसत, चादरींची डिझाइनं काढत. खिडकीखाली उतरतं मेज, त्यावर ग्राफचा भला मोठा कागद, तांबडी पेन्सिल, आणि ब्लेडने तासून टोक केलेलं खोडरबर. शेजारी अक्का मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायच्या. त्यांचा धाकटा मुलगा माझ्याच वर्गात. आम्हा दोघांची अभ्यासाची जागा म्हणजे अण्णांच्या मेजाखालची शहाबादी फरशी.

अण्णांनी भरलेल्या ग्राफवरून पुढे पुठ्ठ्याची कार्डं पंच व्हायची. जिथे भोक, तिथे जॅकार्डची, म्हणजे मागावर बसवलेल्या नक्षीच्या यंत्राची, सुई आरपार जाते आणि तिच्याशी जोडलेला हूक ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलतो. जिथे भोक नाही, तिथे पुठ्ठा सुईला मागे ढकलतो आणि धागा खालीच राहतो. वरच्या आणि खालच्या धाग्यांमधून धोटा बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा घेऊन जातो, की पुढचं कार्ड. अशी शेकडो कार्डं एकाला एक दोऱ्याने बांधून मागाच्या डोक्यावर लोंबत असायची आणि खडखडत फिरत राहायची. ल्यों शहरातल्या जोसेफ मारी जॅकार्डने ही रचना १८०४-०५च्या सुमाराला उभी केली. पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या गणिती यंत्राचा आराखडा करताना भोकांच्या कार्डांची कल्पना तिथूनच उचलली. बॅबेजकडे जॅकार्डचं एक चित्र होतं, रेशमात विणलेलं, सुमारे २४,००० कार्डांवर उतरवलेलं; इतकं बारीक, की बघणाऱ्याला ते छापील कोरीवकाम वाटायचं. हे सगळं मी फार नंतर वाचलं. त्या वयात एवढंच पक्कं ठाऊक होतं, की भोक म्हणजे ‘उचल’ आणि कोरा पुठ्ठा म्हणजे ‘राहू दे’.

पुण्याला नोकरी करणाऱ्या मामाने कॉम्प्युटर घेतला होता. इंग्लंडात क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने १९८२ साली झेडएक्स स्पेक्ट्रम आणला, आणि पुढे डेसिबेल्स या भारतीय कंपनीने परवाना घेऊन त्याचीच पुढची आवृत्ती ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने आपल्याकडे विकायला काढली. मामाकडचा तोच. बदलीच्या गडबडीत एका उन्हाळ्यात तो आमच्याकडे ठेवून गेला. जाताना मला म्हणाला, “उघडून बघायचं नाही. बाकी काय वाटेल ते कर.” एवढी मोकळीक मला तोवर कुठल्याच मोठ्या माणसाने दिली नव्हती.

काळा, चपटा डबा. वर कळा, आणि एकेका कळीवर चार-पाच शब्द छापलेले. त्याला स्वतःचा पडदा नव्हता. घरचा टीव्हीच पडदा. डिस्क नव्हती, घरचा टेपरेकॉर्डरच कपाट. एरवी ज्या टेपवर आजी कीर्तनं ऐकायची, त्यावर आता गेमची कॅसेट लागायची. ‘जे’ची कळ दाबली की ‘लोड’ हा अख्खा शब्द पडद्यावर उमटायचा, मग दोन अवतरणचिन्हं, मग एंटर, आणि मग प्ले. आधी एक सलग शिट्टी, पडद्याच्या कडेला तांबडे-निळसर पट्टे सरकणारे. मग आवाज एकदम खरखरीत व्हायचा आणि पट्टे पिवळे-निळे, बारीक, वेडेवाकडे. मामाच्या टीव्हीवर मी ते रंगीत बघितले होते. आमच्याकडे सगळं करड्या रंगात. एक मोठा गेम चढायला पाचेक मिनिटं. तेवढा वेळ आम्ही दोघं श्वास धरून बसायचो, कारण टेपचा आवाज थोडा कमी-जास्त झाला, हेड जरा तिरकं असलं, की ‘टेप लोडिंग एरर’ अशी ओळ यायची आणि पुन्हा पहिल्यापासून. हेड सरळ करायला बारीक स्क्रू ड्रायव्हर कायम खिशात. आणि हे सगळं जमून आलं, तरी समोरच्या कारखान्यात एकदम सगळे माग सुरू झाले की गल्लीतले दिवे क्षणभर मंदावायचे. तेवढ्यानेही त्या यंत्राची आठवण पुसली जायची. कुठला कारखाना किती वाजता सुरू होतो, जेवणाची सुट्टी कधी, पाळी कधी बदलते, हे त्या उन्हाळ्यात आम्हाला पाठ झालं.

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. स्पेक्ट्रमचा अ‍ॅडॉप्टर इतका तापायचा की हात लावता येत नसे. मेजाखालच्या शहाबादी फरशीवर, दाराच्या सावलीत, तो ठेवायचा आणि मधूनमधून जागा बदलायची. फरशीचा एक तुकडा गरम झाला की सरकवून पुढच्यावर. आमच्याइतकंच त्यालाही गारव्याला जपावं लागायचं.

मामाच्या कॅसेटी थोड्याच होत्या. त्या सगळ्या खेळून झाल्यावर काय करायचं, हा प्रश्न आला, आणि खरी गंमत तिथे सुरू झाली. स्पेक्ट्रम चालू केला की पडद्यावर काहीच नसायचं. तळाला कंपनीच्या नावाची एक ओळ, आणि एखादी कळ दाबली की लुकलुकणारा कर्सर. काय करायचं ते तुम्हीच सांगायचं. सोबतच्या पुस्तकात लिहिलं होतं की या यंत्राला २१ अक्षरं आपल्या मनाने घडवता येतात. एक अक्षर म्हणजे आठ बाय आठ चौकटी. भरलेली चौकट म्हणजे १, रिकामी म्हणजे ०. आडव्या ओळीतल्या चौकटींना डावीकडून १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १ अशा किमती. भरलेल्या चौकटींची बेरीज करायची आणि तो आकडा यंत्राला द्यायचा. ००११११०० म्हणजे ६०. ०११११११० म्हणजे १२६. आठ ओळींचे आठ आकडे दिले की पडद्यावर आपलं चित्र.

मित्र म्हणाला, “हे तर अण्णांचं काम आहे बे.” आणि धावत जाऊन ग्राफच्या कापून टाकलेल्या पट्ट्या घेऊन आला.

आम्हाला मोर काढायचा होता. आठ बाय आठमध्ये मोर मावत नाही, म्हणून चार अक्षरं जोडून सोळा बाय सोळाचा मोर काढायला घेतला. तुरा झाला, चोच झाली, पिसारा कसाबसा झाला, पण मान काही केल्या मानेसारखी दिसेना. दुरून बघितलं तर वाटायचं की कुणीतरी मध्येच मुरगळलीय. अण्णा वरून बघत होते. “इटु चूडु रा,” इकडे बघ रे, असं मुलाला म्हणत ते खाली वाकले, आमच्या पट्टीवर खोडरबर फिरवलं आणि मानेतल्या पाच-सहा चौकटी पुसून टाकल्या. मग मराठीत मला म्हणाले, “तीन चौकटींवरून एकदम एकावर आलास, परत तीनवर गेलास. वळण मोडलं. चार, तीन, दोन, एक. मग एक, दोन, तीन, चार. पायरी हळूहळू उतरायची, हळूहळू चढायची.” त्यांनी भरलेल्या चौकटी आमच्यापेक्षा जास्त नव्हत्या, कमीही नव्हत्या. फक्त जागा बदलल्या होत्या, आणि मान वळली होती.

आज जी मुलं हौसेने पिक्सेल आर्ट करतात, त्यांना पहिल्या धड्यात हेच शिकवतात: वळण काढताना चौकटींची लांबी क्रमाने कमी करत न्या, क्रमाने वाढवत न्या. आम्हाला हा धडा एका चादरवाल्याने, विडीच्या पानांच्या वासात, तांबड्या पेन्सिलीने दिला. पडद्यावर तो मोर आला तेव्हा अक्कांनी सूप बाजूला ठेवलं आणि जवळ येऊन बघितलं. अण्णांनी चष्मा वर केला आणि विचारलं, “याची कार्डं किती लागली?” मी म्हटलं, बत्तीस आकडे. त्यांनी मान हलवली. त्यांना ते ताबडतोब पटलं.

स्पेक्ट्रमच्या पडद्यावर आडव्या २५६ आणि उभ्या १९२ चौकटी. त्यांचे आठ बाय आठचे ७६८ घर, आणि एका घरात फक्त दोन रंग: एक शाईचा, एक कागदाचा. तांबड्या शिडीसमोरून पिवळा माणूस गेला की त्या घरापुरती शिडीही पिवळी व्हायची. प्रत्येक चौकटीचा रंग वेगळा लक्षात ठेवायला फार जागा लागली असती, म्हणून ही तडजोड. त्या काळचे चित्रकार या तडजोडीतून वाट काढत. पात्रं एका रंगाची ठेवत, पार्श्वभूमी काळी ठेवत, रंगांच्या सीमा बरोबर घराच्या कडेवर आणून सोडत. ‘फ्लॅश’ असा एक हुकूम होता, तो दिला की त्या घरातले दोन रंग आपापसात अदलाबदल करत राहायचे. आमच्याकडच्या चादरीलाही दोन बाजू असतात. वरून तांबड्यावर पांढरं फूल, उलटली की पांढऱ्यावर तांबडं. चादर उलटणं म्हणजेच फ्लॅश, हे आम्हाला कुणी समजावलं नाही. ते दिसतच होतं.

स्पेक्ट्रम मामाकडे परत गेला. नंतरची काही वर्षं आमच्या हाती काही नव्हतं, मग टीव्ही गेमचं युग आलं.

जानेवारीत संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा भरते. सातही नंदीध्वज अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात, होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं, आणि मग कितीतरी दिवस गड्डा चालतो. पाळणे, खेळण्यांची दुकानं, भज्यांच्या गाड्या. त्या गड्ड्यात एका वर्षी टीव्ही गेमचे खोके दिसले. मित्राच्या थोरल्या भावाला कारखान्यात नुकती चांगली नोकरी लागली होती. त्याने घेतला. एक डबा, दोन रिमोट, एक पिस्तूल, आणि एक पिवळी कॅसेट. आपल्याकडे त्याला कॅसेटच म्हणत, आणि मला अजूनही तेच तोंडात येतं.

निन्टेन्डोचा फॅमिकॉम जपानमध्ये जुलै १९८३ला बाजारात आला. मासायुकी उएमुरा यांनी तो घडवला. आपल्याकडे लिटल मास्टर, मीडिया, टर्मिनेटर अशा नावांनी जे डबे घरोघरी आले, ते सगळे त्याच वंशातले. कॅसेट उघडून बघितली तर आत हिरव्या पट्टीवर एक काळा, कडक झालेला थेंब. त्याच्याखाली अख्खा गेम. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असं लिहिलेलं असायचं आणि यादी खरोखर तेवढी लांब यायची. गेम मात्र मूठभर, तेच ते पुन्हा वेगळ्या नावाने, कधी तिसऱ्या टप्प्यापासून सुरू होणारे, कधी सातव्या. आम्हाला फसवल्यासारखं वाटलं नाही. एकच गेम मधूनच सुरू करता येतो, म्हणजे तो कुठेतरी आकड्यांनी लिहिलेला आहे आणि आकडा बदलला की सुरुवात बदलते, हे त्यातून कळलं.

मित्राच्या घरी चौदा इंची ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. त्यावरच मारिओ. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १९८५चा. मी तो नंतर रंगीत टीव्हीवर, कॉम्प्युटरवर, मोबाइलवर कितीदा तरी खेळलो, पण जे त्या करड्या पडद्यावर दिसलं ते नंतर कधी दिसलं नसतं. एका संध्याकाळी अण्णा कामावरून येऊन, हातात चहाची कपबशी घेऊन आमच्या मागे उभे होते. मित्र खेळत होता. अण्णा म्हणाले, “थांबव.” त्याने स्टार्टचं बटण दाबलं, चित्र थांबलं. अण्णांनी पुढे येऊन पडद्याला बोट लावलं. “हा ढग. आणि हे खालचं झुडूप. एकच आहे.”

“नाही हो अण्णा, ते झाड आहे.”

“आकार बघ. एकच डिझाइन. फक्त धाग्याचा रंग बदललाय.”

आम्ही टीव्हीला नाक लावून मोजलं. वरचे तीन उंचवटे, डावीकडचा लहान, मधला मोठा, खालीही तेच. ढगाचा खालचा भाग जमिनीत गाडला की झुडूप. रंगीत टीव्हीवर एक पांढरं आणि दुसरं हिरवं, त्यामुळे डोळ्याला ते वेगळेच वाटतात. आमच्याकडे रंग नव्हता म्हणून आकार उघडा पडला. पण ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही तेव्हा गल्लीत बऱ्याच घरी होते. बघायला अण्णांचीच नजर लागली. त्यांचं रोजचं काम तेच होतं. एकदा बसवलेला नमुना चादरीभर किती वेळा फिरवता येईल, किनारीला उलटा करून चालेल का, एक कार्ड वाचलं तर तेवढा पुठ्ठा वाचतो, तेवढी पंचिंगची मजुरी वाचते.

पुढे मी त्याचा हिशेब शोधून वाचला. तो अख्खा गेम ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे: ३२ किलोबाइट प्रोग्रॅम आणि ८ किलोबाइट चित्रं. आठ किलोबाइटमध्ये आठ बाय आठच्या ५१२ चौकोनी तुकड्यांना जागा होते, त्यातले निम्मे हलणाऱ्या पात्रांसाठी, निम्मे मागच्या देखाव्यासाठी. डोंगर, किल्ले, नळ, विटा, ढग, अक्षरं, आकडे, सगळं त्या अडीचशे तुकड्यांतून. कुठला तुकडा दोनदा वापरता येईल, हे ठरवणारा माणूस क्योतोत बसला असेल, पण त्याची आणि अण्णांची गाठ पडली असती तर दोघांना दुभाष्याची फारशी गरज पडली नसती, असं मला मनापासून वाटतं.

या डब्याच्या मर्यादाही आम्हाला खेळतानाच कळत गेल्या. ‘काँट्रा’मध्ये गोळ्या फार झाल्या की माणसं लुकलुकायची. एका आडव्या ओळीत आठच हलती चित्रं दाखवायची ताकद; नववं आलं की कुणाला तरी क्षणभर गायब व्हावं लागतं, म्हणून प्रोग्रॅम आळीपाळीने सगळ्यांना लपवतो. त्याच ‘काँट्रा’चा तीस जिवांचा मंत्र, वर वर खाली खाली डावीकडे उजवीकडे डावीकडे उजवीकडे बी ए, आमच्या शाळेत कुठून आला कोण जाणे. काझुहिसा हाशिमोतो नावाच्या प्रोग्रॅमरला ‘ग्रॅडियस’ तपासताना तो गेम स्वतःलाच पार करता येईना, म्हणून त्याने ही पळवाट आत ठेवली होती. ना वर्तमानपत्र, ना फोन, ना इंटरनेट, तरी जपानमधली ती दहा बटणांची ओळ दाजी पेठेतल्या पोरांना तोंडपाठ होती.

पिस्तुलाचा गेम अक्कांचा. बदकं उडायला लागली की विड्या बाजूला, आणि नेम असा की आम्ही बघत राहायचो. पिस्तुलातून काही सुटत नाही, ते फक्त बघतं, हे आम्ही अंधारात खेळताना ओळखलं. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो. नळीच्या तोंडाशी असलेल्या डोळ्याला त्या क्षणी उजेड दिसला तर बदक पडलं, नाही दिसला तर हुकलं. आताच्या सपाट टीव्हीवर हा खेळ चालत नाही. चित्र पडद्यावर यायला किंचित उशीर होतो, आणि ज्या क्षणी उजेड हवा त्या क्षणी तो नसतो.

पण आम्हा दोघांचा जीव होता रणगाड्यांच्या गेमवर, ‘बॅटल सिटी’वर. त्यात आपलं मैदान आपणच रचायची सोय होती. तेरा बाय तेराची घरं. वीट, पोलाद, पाणी, झाडी, बर्फ. मित्र तिथे लढायला विसरायचा आणि कडेने विटांची किनार विणत बसायचा, कोपऱ्यात कोयऱ्या, मध्ये कमळ. वीज गेली की सगळं जायचं, कारण त्या डब्याला लक्षात ठेवायची सोय नव्हती. म्हणून आधी ग्राफवर काढायचं, मग पडद्यावर. वीज आली की कागद बघून पुन्हा. त्या कागदांची एक जाड फाइल होती त्याच्याकडे. पुढे डिझाइनच्याच धंद्यात गेला, ते तिथेच ठरलं असणार.

मधल्या काळात नव्या पेठेतल्या बोळात रुपयाच्या नाण्यावर चालणारी मोठी यंत्रं आली. ‘मुस्तफा’ खेळायला तिथे गर्दी व्हायची. कॅपकॉमच्या १९९३च्या त्या गेमचं खरं नाव वेगळंच आहे, पण आपल्याकडे पिवळ्या टोपीवाल्या मुस्तफाने नावच बदलून टाकलं. मग डॉसचे, म्हणजे कॉम्प्युटर शिकवणारे, क्लास आले: बाहेर चपला काढून जायचं, आत एसी, आणि सर गेल्यावर ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. जॉर्डन मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पांढऱ्या कपड्यांत पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि राजपुत्राचं एकेक चित्र त्यावरून उतरवलं, म्हणून तो राजपुत्र इतका माणसासारखा धावतो. सुंदर गेम, पण माझा जीव तोवर कुठे जडायचा तिथे जडून झाला होता.

मला जुने गेम आजच्यापेक्षा चांगले होते असं म्हणायचं नाही. आजचे कित्येक गेम मी खेळतो, आवडीने खेळतो. मला ज्याची ओढ लागते ती गोष्ट दुसरी आहे. तेव्हा पडद्यावरचं काम कसं केलंय ते बघता यायचं. चौकट दिसायची, आणि चौकट दिसली की ती भरणारा हातही दिसायचा. त्याने इथे काटकसर केली, इथे खर्च केला, इथे वळण नीट घेतलं. आता चौकटी इतक्या बारीक झाल्यात की डोळ्याला सापडत नाहीत, आणि पोरांना वाटतं हे असंच कुठून तरी येतं. माझ्या भाचीला मी स्पेक्ट्रमचा इम्युलेटर, म्हणजे त्या जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम, लावून दिला, तेव्हा ती पहिल्यांदा म्हणाली, “यात काहीच नाहीये, मामा.” मी ग्राफची वही पुढे सरकवली. तिने मांजर काढलं, बेरजा केल्या, आकडे घातले, आणि मांजर आल्यावर शेपटी बदलायला लगेच पुन्हा वही ओढली. आता ती मला विचारत नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

सोलापुरात डिझाइनचं काम कॉम्प्युटरवर गेलं तेव्हा अण्णा साठीच्या पुढे होते. ग्राफचे कागद बंद झाले, नव्या इलेक्ट्रॉनिक जॅकार्डला पुठ्ठ्याची कार्डं लागेनात. आमच्या गल्लीत पायाने यंत्र दाबून कार्डं पंच करणारे होते, ते दुसऱ्या कामाला लागले. अण्णांच्या मेजावर मुलाने कॉम्प्युटर आणून ठेवला. मला धास्ती होती, की आता हे बाजूला पडणार. ते मात्र खुर्ची ओढून बसले. मुलाने डिझाइन मोठं करून दाखवलं, चौकटी दिसायला लागल्या, आणि अण्णा म्हणाले, “हे तेच आहे की.” माऊस धरायला त्यांना वेळ लागला, चौकट भरायला नाही. शेवटपर्यंत ते रोज काही तास त्यावर बसत. अण्णा जाऊन आता काही वर्षं झाली.

गेल्या दिवाळीत मित्राचा फोन आला. “काय करलालास बे? घरी ये की. माळ्यावर काय सापडलंय बघ.” जुन्या शेडचा माळा रिकामा करताना कार्डांचा एक गठ्ठा निघाला होता. दोरे कुजलेले, पुठ्ठे पिवळे, पण भोकं स्वच्छ. कोणत्या चादरीचा, काही लिहिलेलं नाही. ज्या मागावर तो चढायचा तो माग केव्हाच भंगारात गेलाय. मी म्हटलं, माग कशाला पाहिजे, कार्डावरच सगळं लिहिलंय. आम्ही एकेक कार्ड खिडकीच्या काचेला टेकवून फोटो काढले. भोकातून उजेड येतो, पुठ्ठ्यातून येत नाही. उजेड तिथे १, अंधार तिथे ०. मी छोटासा प्रोग्रॅम लिहिला आणि ओळीखाली ओळ लावली.

पहिलं चित्र म्हणजे नुसता काला. कार्डावरची भोकांची रांग मागात कोणत्या क्रमाने धाग्यांना लागते, हे मला ठाऊक नव्हतं, त्याला होतं. त्याने वहीत आकृती काढून दिली, मी क्रम बदलला, आणि पडद्यावर एक कोयरी उभी राहिली. बरोबर अर्धी. पुढची कार्डं गठ्ठ्यात नाहीत. मी म्हटलं, अण्णांचीच असणार. तो बराच वेळ कोयरीच्या टोकाकडे बघत होता. मग त्याने बोट ठेवून चौकटी मोजल्या. “पाच, दोन, एक,” तो म्हणाला. “अण्णा असं उतरले नसते. हे दुसऱ्या कुणाचं तरी आहे.”

त्याचा चुलतभाऊ कुंभारीला राहतो. शेडमधलं निम्मं सामान त्याच्याकडे गेलंय, उरलेली कार्डं तिथे असतील. या रविवारी आम्ही जाणार आहोत, आणि भाची म्हणते तिलाही यायचंय.